तक्त्यावर भांडण, तिजोरीकडे पाठ

युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमधली गटवार साखळी 2024 च्या मोसमात मोडीत निघाली आणि तिच्या जागी 36 संघांचा एकच लांबलचक गुणतक्ता आला. तेव्हापासून फुटबॉलवेड्यांचे दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, गटांच्याही आधीची, हरला तो गेला अशी जुनी बाद पद्धत हीच खरी स्पर्धा. आता सामन्यांचा नुसता रतीब घातला जातोय आणि तोही पैशासाठी. दुसरा म्हणतो, शेवटच्या रात्री एकाच वेळी 18 सामने, असा थरार आधी कधी पाहिला होता का? रडगाणं बंद करा. दोघंही हिरिरीने भांडतात आणि दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडतात. सामने कोणत्या पद्धतीने खेळवायचे, यावर ही स्पर्धा घडली-बिघडली असं इतिहास सांगत नाही. ती बदलली दोन जागी: आत कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या दाराशी, आणि जमलेला पैसा कसा वाटायचा हे ठरवणाऱ्या कागदावर. नवा गुणतक्ता माझ्या मते चांगला आहे. त्या कागदावरचा 35 टक्क्यांचा एक रकाना मात्र वाईट आहे, आणि त्याबद्दल दोन्ही तटांतून चकार शब्द निघत नाही.

आधी तक्त्याचं बघू. 36 संघ मानांकनानुसार नऊ-नऊच्या चार भांड्यांत विभागले जातात. प्रत्येक संघाला प्रत्येक भांड्यातले दोन प्रतिस्पर्धी मिळतात, त्यातला एक घरी आणि एक परक्या मैदानावर. आपल्याच देशाचा संघ समोर येत नाही आणि एकाच परदेशातले दोनांपेक्षा जास्त संघ वाट्याला येत नाहीत. म्हणजे आठ सामने, आठ वेगळे प्रतिस्पर्धी. पहिले आठ संघ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत जातात, 9 ते 24 क्रमांकांचे संघ दोन सामन्यांची प्लेऑफ खेळतात आणि 25 व्या क्रमांकापासून खाली सगळे घरी. पूर्वी गटात तिसरा आलेला संघ युरोपा लीग या दुय्यम स्पर्धेच्या मागच्या दाराने पुन्हा आत शिरायचा, ती सोयही गेली. जुन्या पद्धतीत स्पर्धेचे एकूण सामने 125 व्हायचे, आता 189 होतात. 64 सामने वाढले, ही तक्रार खरी आहे आणि खेळाडूंच्या पायांचा विचार केला तर गंभीरही आहे. दुसरी तक्रार अशी की सगळे एकाच तक्त्यात, पण प्रत्येकाचा पेपर वेगळा. मग गुणांची तुलना न्याय्य कशी? तीही बिनबुडाची नाही. पॅरिस सेंट-जर्मेनला पहिल्या मोसमात मँचेस्टर सिटी, बायर्न म्युनिक, आर्सेनल आणि ॲटलेटिको माद्रिद असे चार डोंगर एकाच वेळी चढावे लागले. सहा सामन्यांनंतर त्यांच्या खात्यात अवघे सात गुण होते. अखेर ते 13 गुणांवर पंधरावे आले.

पण पुढे काय झालं? हाच पंधरावा संघ प्लेऑफमध्ये ब्रेस्तला एकूण 10-0 ने चिरडून पुढे गेला, 21 गुणांसह तक्त्यात पहिल्या आलेल्या लिव्हरपूलला पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर काढून आला आणि 31 मे 2025 ला म्युनिकमध्ये इंटर मिलानला 5-0 ने हरवून विजेता ठरला. जुन्या पद्धतीत चार जणांच्या गटात तीन सामने हरले की बहुतेकदा गाशा गुंडाळावा लागे. उलट बाजूही आहे. जुन्या गटवार साखळीत मोठ्या क्लबांचं तिकीट चौथ्या-पाचव्या सामन्यालाच पक्कं व्हायचं आणि डिसेंबरमधले सामने राखीव खेळाडूंच्या सरावासाठी वापरले जायचे. 29 जानेवारी 2025 च्या रात्री मँचेस्टर सिटी मध्यंतराला क्लब ब्रुगेविरुद्ध घरच्या मैदानावर 0-1 ने मागे होती आणि तक्त्यात रेषेच्या खाली होती. आदल्या दशकात इंग्लंडवर राज्य केलेला क्लब जानेवारीतच बाहेर पडण्याच्या बेतात होता. सिटीने तो सामना 3-1 ने काढला आणि 11 गुणांवर बाविसावा क्रमांक गाठला. हरलेलं ब्रुगेही 11 गुणांवरच, गोलफरकाने चोविसावं, म्हणजे आत. तेवढेच 11 गुण मिळवून डायनॅमो झाग्रेब पंचविसावं, म्हणजे बाहेर. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीनंतरचे दीड ते साडेतीन वाजत होते. जागलेल्यांना झोपेचा पश्चात्ताप झाला नसावा. सामन्यांची संख्या कमी करा, हे म्हणणं मान्य. पण तक्ता मुळातच फसवा आहे, असं म्हणायला पहिल्या मोसमाने तरी आधार दिलेला नाही.

आता जुन्या सुवर्णकाळाकडे वळू, कारण नव्या पद्धतीचे टीकाकार वारंवार तिकडेच बोट दाखवतात. त्यांच्या मनातलं चित्र असं: प्रत्येक देशाचा विजेता, घरी एक आणि बाहेर एक सामना, हरला तो गेला, पैशाचा संबंध नाही. या चित्रातली पहिलीच रेघ चुकीची आहे. 13 डिसेंबर 1954 ला इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वॉन्डरर्सने प्रकाशझोतात खेळलेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात हंगेरीच्या होन्व्हेदला 3-2 ने हरवलं आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना जगज्जेते ठरवून टाकलं. ते वाचून पॅरिसच्या ‘लेकीप’ या क्रीडा दैनिकाचे गाब्रिएल आनो खवळले आणि त्यांनी युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेची कल्पना मांडली. आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री सामने झाले की दुसऱ्या दिवशी अंक खपतो, हे एका दैनिकाला कळत नसेल असं समजणं भोळेपणाचं ठरेल. 1955-56 च्या पहिल्या स्पर्धेत 16 क्लब होते आणि त्यांना चक्क निमंत्रण होतं. स्कॉटलंडचा विजेता ॲबरडीन होता, पण खेळलं हायबर्नियन, जे लीगमध्ये पाचवं आलं होतं. इंग्लंडचा विजेता चेल्सी. त्याला तिथल्या फुटबॉल लीगने जाऊ नका म्हणून सांगितलं आणि त्याची जागा पोलंडच्या ग्वार्डिया वॉर्सोने घेतली. पुढच्या वर्षी व्यवस्थापक मॅट बझ्बींनी लीगचा विरोध झुगारून मँचेस्टर युनायटेडला उतरवलं, तेव्हा कुठे इंग्लंड या स्पर्धेत आलं. स्पर्धेचा जन्मच निमंत्रण, खप आणि मानापमान यांच्या पोटी झालेला आहे.

बाद पद्धतीच्या शुद्धतेचंही थोडं जवळून पाहिलं पाहिजे. 1965 मध्ये लिव्हरपूल आणि कोलोन यांचा उपांत्यपूर्व सामना घरी 0-0, बाहेर 0-0 सुटला. तिसरा, निर्णायक सामना रॉटरडॅमला ठेवला, तोही जादा वेळेनंतर 2-2. पेनल्टी शूटआउट तेव्हा नव्हतं. मग पंचांनी एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने पांढरी अशी चकती हवेत उडवली. ती खाली आली आणि चिखलात उभी रुतली. पुन्हा उडवली तेव्हा लाल बाजू वर आली आणि लिव्हरपूल उपांत्य फेरीत गेलं. तीनशे मिनिटांचा खेळ आणि निकाल चकतीच्या दुसऱ्या फेकीवर! शूटआउट आलं 1970 मध्ये. परक्या मैदानावरच्या गोलाला जास्त वजन देणारा नियम या स्पर्धेत 1967 च्या मोसमात आला आणि 2021 मध्ये रद्द झाला; मधली पन्नासेक वर्षं त्या नियमापायी घरचा संघ पहिल्या सामन्यात गोल न खाण्याच्या धास्तीने आखडून खेळायचा. 1988 मध्ये पीएसव्ही आइंडहोव्हनने उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत पाचच्या पाच सामने बरोबरीत सोडवले, एकही जिंकला नाही, आणि चषक घरी नेला. नियमात बसलं ते नियमात बसलं, तक्रार नाही. पण आजच्या एखाद्या संघाने असं केलं असतं तर पद्धत कशी सडली आहे यावर केवढा काथ्याकूट झाला असता!

तरीही जुन्या काळाच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की तो टाळून पुढे जाता येत नाही. 1967 मध्ये लिस्बनमध्ये इंटरला 2-1 ने हरवणाऱ्या सेल्टिकचे सगळे खेळाडू ग्लासगोतल्या आपल्या मैदानापासून 30 मैलांच्या आत जन्मलेले होते. 1979 आणि 1980 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या मध्यम शहरातल्या क्लबाने लागोपाठ दोनदा चषक उचलला. 1986 मध्ये रुमानियाच्या स्टेआवाने सेव्हियात बार्सिलोनाला नमवलं, शूटआउटमध्ये गोलरक्षक डुकाडामने चारच्या चार फटके अडवले. 1991 मध्ये बेलग्रेडचं रेड स्टार जिंकलं. आणि आता? 2004 मध्ये पोर्तोने मोनॅकोला 3-0 ने हरवलं, त्यानंतर 2025 पर्यंत इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्स या पाच देशांबाहेरचा एकही क्लब नुसता अंतिम सामन्यातसुद्धा पोहोचलेला नाही. एकवीस अंतिम सामने, बेचाळीस जागा, पाच देश. हा आकडा कोणत्याही युक्तिवादापेक्षा जड आहे.

पण त्याचं खापर गुणतक्त्यावर कसं फोडणार? तो तक्ता आला 2024 मध्ये आणि दार बंद झालं त्याच्या वीस वर्षं आधी. बाद पद्धतीमुळे विविधता होती, असंही सरसकट म्हणता येत नाही. 1956 ते 1966 या अकरा वर्षांत बाद पद्धतच होती आणि चषक फक्त चार क्लबांकडे फिरला: रेआल माद्रिदकडे सहा वेळा, बेनफिका आणि इंटरकडे दोन-दोनदा, एसी मिलानकडे एकदा. 1977 ते 1984 मध्ये आठपैकी सात चषक इंग्लंडला गेले, तेही बाद पद्धतीत. स्टेआवा आणि रेड स्टार जिंकले कारण पोलादी पडद्याआडचे खेळाडू तरुणपणी देश सोडून जाऊ शकत नव्हते. पडदा कोसळला आणि ते संघ विरघळले. चषक जिंकला त्याच उन्हाळ्यात प्रोसिनेच्की बेलग्रेडहून माद्रिदला गेला. उरलेली कसर 15 डिसेंबर 1995 च्या बोस्मान निकालाने काढली. करार संपलेल्या खेळाडूला हस्तांतराची रक्कम न देता जाता येईल आणि युरोपीय संघातल्या नागरिकांवर परदेशी म्हणून मर्यादा घालता येणार नाही, हे न्यायालयाने सांगितलं. खेळाडूंच्या दृष्टीने तो न्याय होता, यात वाद नाही. पण त्याच वर्षी मे महिन्यात व्हिएन्नात जिंकलेला आयॅक्सचा तरणाबांड संघ पुढच्या काही वर्षांत दक्षिणेकडच्या श्रीमंत क्लबांनी वाटून घेतला. खेळाडू मोकळे झाले की ते पैशाकडे जाणार. मग पैसा कुठे साचतो, हाच खरा प्रश्न उरतो.

तो कसा साचला, याची गोष्ट 1987 च्या सप्टेंबरपासून सांगावी लागते. मॅराडोनाचं नापोली आणि रेआल माद्रिद पहिल्याच फेरीत समोरासमोर आले. माद्रिदमधला सामना शिक्षेपोटी रिकाम्या स्टेडियममध्ये झाला, रेआलने तो 2-0 ने घेतला, नेपल्समध्ये 1-1 झाला, आणि इटलीचा विजेता स्पर्धेतून बाद. मिलानचे मालक सिल्व्हियो बर्लुस्कोनी हे दूरचित्रवाणीच्या धंद्यातले. इटलीसारखी बाजारपेठ दोन सामन्यांत हातची जाते, हे त्यांच्या हिशेबात बसेना. त्यांनी युरोपीय लीगचा आराखडा करून घेतला. युरोपीय फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या युएफा या संघटनेने तो आराखडा स्वीकारला नाही, पण त्यातली भीती स्वीकारली. 1991-92 मध्ये शेवटच्या आठ संघांची गटवार साखळी आली. 1992 मध्ये चॅम्पियन्स लीग हे नाव, ते गाणं, ते तारे आणि प्रक्षेपण हक्कांची मध्यवर्ती विक्री आली. 1994 मध्ये साखळी 16 संघांची झाली आणि त्याच झटक्यात छोट्या देशांच्या विजेत्यांना बाहेर काढून युएफा कप या दुय्यम स्पर्धेत ढकललं. 1997 मध्ये ते परत आले, पण सोबत बड्या आठ देशांचे उपविजेतेही आले. चॅम्पियन्स लीग हे नाव शब्दशः खरं ठरलं ते फक्त पाच मोसम, आणि त्यातल्या तीन मोसमांत सगळ्या चॅम्पियन्सना प्रवेश नव्हता.

1999 चा अंतिम सामना पुष्कळांना तोंडपाठ आहे: बार्सिलोनातलं मैदान, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध बायर्न, भरपाई वेळेतले दोन गोल. त्या रात्री मैदानावर उतरलेल्या दोन संघांपैकी एकही आदल्या मोसमातला आपल्या देशाचा विजेता नव्हता. इंग्लंडमध्ये आर्सेनल जिंकलं होतं, जर्मनीत कायझर्सलाउटर्न. तोच मोसम चालू असताना मीडिया पार्टनर्स नावाच्या मिलानच्या कंपनीने बड्या क्लबांपुढे स्वतंत्र लीगचा प्रस्ताव ठेवला होता. युएफा घाबरली आणि 1999-2000 पासून बड्या तीन देशांना चार-चार जागा मिळाल्या, मुख्य स्पर्धा 32 संघांची झाली आणि जुना कप विनर्स कप कायमचा बंद झाला. स्पर्धेचा कणा त्या वर्षी बदलला. फूट पडेल अशी धमकी यायची आणि युएफाने दार आणखी थोडं किलकिलं करायचं, हा शिरस्ता तिथे पक्का झाला. 18 एप्रिल 2021 ला बारा क्लबांनी सुपर लीग जाहीर केली, प्रेक्षक रस्त्यावर उतरले, दोन दिवसांत तंबू गुंडाळला गेला. आणि त्याच सुमारास, 19 एप्रिलला, युएफाने मंजूर केलेल्या आराखड्यात जुन्या पुण्याईवर, म्हणजे गेल्या पाच वर्षांच्या कामगिरीच्या गुणांकावर दोन क्लबांना आत घ्यायची तरतूद होती. ती तरतूद 2022 च्या मे महिन्यात वगळली गेली. साखळीतले दहा सामनेही आठांवर आले. विरोध केला की फरक पडतो, याचा तो पुरावा. पण वगळलेल्या त्या दोन जागा गेल्या कुठे? आदल्या मोसमात ज्यांच्या क्लबांनी एकूण सर्वांत चांगली कामगिरी केली त्या दोन देशांना. पहिल्या वर्षी त्या इटली आणि जर्मनीला मिळाल्या. बोलोन्या आणि जर्मन लीगमध्ये पाचवं आलेलं डॉर्टमुंड आत आले.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो, तो वादात कुणी घेत नाही. खेळवण्याची पद्धत बदलते आणि चुकली तर माघारीही येते. 1999 मध्ये दोन-दोन गटवार साखळ्या आणल्या होत्या, चषक जिंकायला 17 सामने लागायचे, कंटाळा येऊ लागला, चार मोसमांत दुसरी साखळी काढून टाकली आणि 13 सामन्यांवर आलं. परक्या मैदानावरच्या गोलाचा नियम गेला. जादा वेळेतल्या ‘सिल्व्हर गोल’चं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. बड्या देशांना दिलेल्या जागांचं मात्र कधीच उलटं फिरलेलं नाही: 1997 मध्ये दोन, 1999 मध्ये चार, 2018 मध्ये चारही थेट, 2024 मध्ये पाचवी. 2025-26 मध्ये इंग्लंडचे सहा संघ उतरले. त्यातलं टॉटनहॅम आपल्या लीगमध्ये सतरावं आलं होतं; युरोपा लीग जिंकल्याने त्याला प्रवेश मिळाला. नियम साफ आहे आणि टॉटनहॅमने काही गैर केलेलं नाही, पण हायबर्नियन पाचवं असून खेळलं होतं याचं नवल वाटणाऱ्यांनी हा सतरावा क्रमांक शेजारी मांडून बघावा. युएफाचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लाटिनी यांच्या काळात 2009 पासून पात्रता फेऱ्यांत विजेत्यांची वेगळी वाट काढली, म्हणून छोट्या देशांच्या विजेत्यांना बड्यांच्या चौथ्या संघाशी पात्रतेतच झुंजावं लागत नाही. एवढं एक पाऊल उलट्या दिशेने पडलं. आजच्या 36 जागांपैकी विजेत्यांसाठी हमखास राखलेल्या जागा पंधराच: मानांकनातल्या पहिल्या दहा देशांच्या विजेत्यांच्या दहा आणि विजेत्यांच्या वाटेने येणाऱ्या पाच.

आता तो कागद. 2024 ते 2027 या तीन मोसमांसाठी चॅम्पियन्स लीगच्या क्लबांना दर मोसमाला साधारण 247 कोटी युरो वाटायचे ठरले. त्यातले 3 कोटी शेवटच्या पात्रता फेरीत हरणाऱ्यांना जातात. उरलेल्याचे तीन भाग. साडेसत्तावीस टक्के सगळ्यांना सारखे, म्हणजे प्रत्येकी 1 कोटी 86 लाख 20 हजार युरो. साडेसदतीस टक्के कामगिरीवर: जिंकलेल्या सामन्याचे 21 लाख, बरोबरीचे 7 लाख, तक्त्यातल्या प्रत्येक पायरीचे 2 लाख 75 हजार, शिवाय पुढच्या प्रत्येक फेरीची वेगळी रक्कम. या दोन भागांवर माझा काही आक्षेप नाही. खेळलात, जिंकलात, घ्या. तिसरा भाग 35 टक्क्यांचा, म्हणजे 85 कोटी युरोंच्या आसपास, आणि तो ‘मूल्या’वर वाटला जातो. मूल्य म्हणजे काय? तुमच्या देशातून प्रक्षेपण हक्कांचे किती पैसे आले आणि गेल्या पाच व दहा वर्षांत तुम्ही युरोपात काय केलंत. या मोसमात तुम्ही चेंडूला पाय लावण्याआधीच हा आकडा ठरलेला असतो. गेल्या दहा वर्षांत बड्या क्लबांना जास्त जागा, म्हणून जास्त सामने, म्हणून जास्त गुणांक, म्हणून मोठं मूल्य, म्हणून चांगले खेळाडू, म्हणून पुन्हा जागा. रहाट असा फिरतो. 2022 मध्ये गुणांकाला प्रवेशाच्या दारातून हाकललं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोच गुणांक तिजोरीच्या खिडकीशी मात्र रांगेत पहिला उभा आहे.

यावरचा सर्वांत तगडा आक्षेप असा: पैसा आणतो कोण? प्रेक्षक रेआल, लिव्हरपूल, बायर्न यांना बघायला येतो, स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाला नाही. ज्याच्या नावावर माल विकला जातो त्याला जास्त हिस्सा मिळू नये का? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण हेच क्लब घरी कसे वागतात ते बघा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये देशांतर्गत प्रक्षेपणाचे निम्मे पैसे वीसही क्लबांना सारखे वाटले जातात, पाव हिस्सा तक्त्यातल्या जागेनुसार आणि पाव हिस्सा किती सामने थेट दाखवले यावर. जगातली सर्वांत श्रीमंत लीग या सूत्रावर उभी राहिली. उलट स्पेनमध्ये 2015 पर्यंत प्रत्येक क्लब आपले हक्क स्वतंत्र विकायचा. रेआल आणि बार्सिलोना मलई खायचे आणि बाकीचे कर्जात बुडायचे. शेवटी सरकारला कायदा करून एकत्रित विक्री लादावी लागली आणि पहिल्या श्रेणीच्या पैशातला किमान निम्मा भाग सारखा वाटायला लावावा लागला. एकट्या मल्लाच्या नावावर आखाड्याचं तिकीट खपत नाही, जोड तुल्यबळ लागते. घरी हे ज्यांना पटतं, त्यांना ते युरोपच्या सीमेवर एकाएकी का पटेनासं होतं?

आणखी एक गुंता आहे, आणि तो माझ्या बाजूच्या लोकांनाही अडचणीत टाकणारा आहे. मूल्याचा भाग काढून तो 36 क्लबांत सारखा वाटला, तर प्रश्न सुटेल का? सुटणार नाही, एका ठिकाणी तो आणखी बिघडेल. नॉर्वेच्या रोझेनबोर्गचं उदाहरण घ्या. 4 डिसेंबर 1996 ला त्यांनी सॅन सिरोवर मिलानला 2-1 ने हरवून स्पर्धेबाहेर काढलं. छोट्या क्लबाची याहून गोड रात्र नसेल. पण त्याच क्लबाने 1995 पासून सलग आठ मोसम चॅम्पियन्स लीगचे पैसे घरी नेले आणि 1992 ते 2004 अशी तेरा वर्षं ओळीने नॉर्वेची लीग जिंकली. युरोपात जो बापुडा, तो घरात सावकार. बेलारूसचं बाटे बोरिसोव्ह सलग तेरा वेळा, डायनॅमो झाग्रेब सलग अकरा वेळा, साल्झबर्ग सलग दहा वेळा, बल्गेरियाचं लुडोगोरेट्स 2012 पासून 2025 पर्यंत एकही वर्ष न चुकता. स्लोव्हान 2024-25 च्या साखळीत आठही सामने हरलं, शून्य गुण. तरी सहभागाचे 1 कोटी 86 लाख युरो घेऊन घरी गेलं आणि स्लोव्हाकियात सलग सातव्यांदा विजेतं झालं. त्या देशातल्या दुसऱ्या कोणत्या क्लबाने या रकमेशी कशी टक्कर द्यायची? जर्मनीत बायर्नचे सलग अकरा आणि इटलीत युव्हेंटसचे सलग नऊ किताब याच रोगाची बड्या घरातली लक्षणं. तिथे इतर कारणंही होती, पण दरवर्षी हमखास येणारा हा पैसा त्यातलं मोठं कारण होतं.

म्हणून 85 कोटींतला मोठा भाग स्पर्धेत नसलेल्या क्लबांकडे गेला पाहिजे. युएफा आज एकूण उत्पन्नातला सुमारे दहावा हिस्सा एकजूट निधी (सॉलिडॅरिटी) म्हणून बाजूला काढते आणि त्यातला काही भाग पात्रता फेरीत हरलेल्यांनाच जातो. मूल्याच्या रकान्यातला निम्मा पैसा देशोदेशीच्या लीगला, तोही त्या मोसमात युरोपात न खेळणाऱ्या क्लबांत समान वाटण्याच्या अटीवर द्यावा, आणि उरलेला निम्मा सामने जिंकण्याच्या बक्षिसात मिळवावा. रेआलला मग जिंकून कमवावं लागेल. रेआलला ते जमतं, हे वेगळं सांगायला नको. यावर लगेच धमकी येईल: आम्ही वेगळी लीग काढू. येऊ द्या. 21 डिसेंबर 2023 च्या निकालात युरोपीय न्यायालयाने युएफाचे परवानगीचे नियम पारदर्शक नाहीत म्हणून ठपका ठेवला, पण सुपर लीगला मंजुरी दिली असा त्याचा अर्थ होत नाही, हेही स्पष्ट केलं. आणि 2021 मध्ये ती लीग बुडवली ती कायद्याने नव्हे, खुद्द त्या क्लबांच्या इंग्लंडमधल्या पाठीराख्यांनी.

दार बंद असलेल्या लीगने काय होतं, हे बघायला आपल्याला युरोपपर्यंत जायचीही गरज नाही. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली ती बढती-घसरण नसलेली, पैसे भरून प्रवेश घेतलेल्या संघांची. पाच राष्ट्रीय किताब जिंकलेलं गोव्याचं धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी 2016 मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं, कारण जिंकूनही वरच्या पायरीवर जाता येणार नसेल तर खर्च कशासाठी करायचा हा सरळ हिशेब होता. चमकदार लीग तिकडे चालू राहिली आणि हे तिन्ही क्लब गोव्याच्या स्थानिक स्पर्धेत परतले. मैदानावरची पद्धत दोन्हीकडे साधारण सारखीच होती: घरी एक, बाहेर एक, गुणतक्ता. फरक होता तो फक्त दाराचा.

युरोपातलं सध्याचं वाटप 2027 मध्ये संपतं. पुढच्या मोसमांचा कागद येईल तेव्हा वर्तमानपत्रांत पहिला मथळा सामने किती आणि अंतिम सामना कुठे याचाच असेल. त्याखाली कुठेतरी बारीक अक्षरात तीन आकडे असतील. आज ते साडेसत्तावीस, साडेसदतीस आणि पस्तीस आहेत. शेवटचा आकडा तीस झाला की वीस, की चाळीस, हे आधी बघा. चेंडू कोणत्या भांड्यातून निघाला ते नंतर बघता येईल.